मिरची मुरवलेली रेड एल : हुरड्याच्या शेतावर चाखली, त्याबद्दल

सिल्लोडकर

मंडळी, नमस्कार. मिरचीच्या बीअरवर इथं एकही धागा सापडला नाही, म्हणून काढतोय. मद्याचा विषय ज्यांना नको असेल त्यांनी इथूनच परत फिरावं, राग नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्या शेतात हुरडा होता. माझे दाजी अमेरिकेत पोर्टलंडला असतात. येताना त्यांनी ६५० मिलीच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. तिथल्या एका छोट्या ब्रुअरीची रेड एल (एल हा बीअरचाच एक प्रकार), ५.८ टक्के, आणि तिच्यात मिरची. लेबलवर दोन मिरच्यांची नावं होती, अँचो आणि चिपोट्ले. दोन्ही मेक्सिकोच्या. पोब्लानो नावाची जाड सालीची मिरची झाडावर लाल होऊ देतात आणि वाळवतात, ती अँचो. पिकलेली हालापेन्यो धुरावर वाळवतात, ती चिपोट्ले.

खरं सांगतो, माझं मन आधीच कलुषित होतं. तीनेक वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात एका ठिकाणी मिरचीची बीअर मागवली होती. नाव देत नाही. पहिल्याच घोटाला घसा असा पेटला की पुढं बीअर कशी आहे ते कळलंच नाही. कच्च्या हिरव्या मिरचीचा उग्र वास, वर फेस नाही, आणि वेटर अभिमानानं सांगतोय की ‘सर, आमची सर्वांत तिखट आहे’. अर्धा ग्लास तसाच ठेवून उठलो. मिरचीच्या गावात वाढलेल्या माणसाला मिरचीचाच राग यावा याचं मला फार वाईट वाटलं होतं. आमच्याकडं शिवना, अजिंठा, गोळेगाव, पलीकडं भोकरदनच्या हद्दीत पिंपळगाव रेणुकाई, हा सगळा मिरचीचा पट्टा. हंगामात संध्याकाळी बाजारात गाड्या लागतात तेव्हा हवेतच मिरची असते. ती शिक्षा म्हणून कुणी ग्लासात ओतली की जिव्हारी लागतं.

त्यामुळं दाजींनी बाटली काढली तेव्हा मी नको म्हणत होतो.

पहिली बाटली बर्फातून काढून लगेच ओतली. रंग गडद तांबूस, उन्हाकडं धरला की कडेला माणकासारखी लाल झाक. मला वाटलं रंग मिरचीचा असणार. दाजी म्हणाले, मिरचीचा यात काही वाटा नाही. रेड एल मिरचीशिवायही अशीच लाल असते. आयर्लंडची ही जुनी तऱ्हा. जवाचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, करताना काही भाग असा भाजतात की त्यातली साखर दाण्यातच करपट-गोड होते, आणि अगदी चिमूटभर जव काळे होईपर्यंत भाजून टाकतात. त्या चिमटीनं लाली येते आणि शेवटी जिभेवर थोडा कोरडेपणा राहतो.

चव घेतली. गार, गोडसर, भाकरीच्या पापुद्र्यासारखी खमंग. तिखट काहीच नाही. दुसरा घोटही तसाच. चार-पाच श्वास झाले आणि मग घशाच्या मागं, पडजिभेच्या खाली, ऊब आली. जाळ म्हणणार नाही. चुलीपुढं बसल्यावर गालाला लागते तशी ऊब. तिसऱ्या घोटाला ती छातीपर्यंत उतरली आणि तिथंच थांबली, वाढली नाही.

दुसरी बाटली मी मुद्दाम वीसेक मिनिटं बाजेखाली सावलीत ठेवायला लावली. दाजींचाही तोच आग्रह होता, असली एल बर्फगार पिऊ नये म्हणाले. आणि खरंच, हे वेगळंच पेय निघालं! पहिल्या बाटलीत नाकाला काही कळलं नव्हतं. दुसरीत ग्लास तोंडाजवळ नेला की मनुका, चिंचोके भाजल्यावर येतो तो वास, आणि खाली बारीक धूर. शेजारी आगटी पेटलेली असल्यानं धूर कुणाचा, आगटीचा की ग्लासातला, याचा घोळ होत होता, म्हणून मी उठून बांधावर जाऊन परत वास घेतला. ग्लासातलाच होता.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. आमचे आप्पा, माझे थोरले चुलते, आयुष्यभर मिरची केलेला माणूस. ते पीत नाहीत. मी ग्लास त्यांच्यापुढं धरला आणि नुसता वास घ्या म्हणालो. त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले, दोनदा हुंगला आणि म्हणाले, “वाळवणावर दुपारच्याला येतो त्यो वास हाय ह्यो. झाडावर पूर्ण पिकवून मग वाळवल्याली हाय मिरची. हिरवी न्हाई घातली यानं. अन् शिरा काढल्यात.”

लेबल आम्ही आप्पांना वाचून दाखवलेलं नव्हतं. अँचो म्हणजे झाडावर पिकवून वाळवलेली मिरची, हे मी वर लिहिलंच आहे.

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. आपण मिरचीला तिखटानं मोजतो, पण तिला वास आहे, गोडी आहे, उन्हाचा आणि धुराचा गुण आहे. त्या बीअरवाल्यानं तिखट मागं ठेवलं आणि मिरची पुढं आणली. आपल्याकडच्या मिरचीनं हे जमेल का? जमलं तर कोणत्या? जाणकारांनी लिहावं.

---

आगटी

वाह, सिल्लोडकर भाऊ. बीअरसोबत खायला काय होतं? हुरड्याबरोबर कशी लागली ते लिहिलंच नाही.

---

सिल्लोडकर

राहिलंच. आधी आम्ही चूक केली, लसणाची चटणी आणि तिखट शेव घेऊन बसलो. तिखटावर तिखट बसलं आणि बीअरची नाजूक ऊब कुठल्या कुठं गेली. मग चटणी बाजूला ठेवून नुसता गरम हुरडा आणि भाजलेले शेंगदाणे घेतले. ते जुळलं. कोवळ्या ज्वारीचा गोडवा आणि माल्टचा गोडवा एकाच घरचे वाटत होते. भाकरीवर लोण्याचा गोळा घेतला तेव्हा घशातली ऊब अर्ध्यावर आली. गूळ मात्र नको, त्यानं बीअर कडू लागली.

---

वाळूजचा

या विषयावर लिहायला मला मनापासून आवडेल. वाळूजला बीअरच्या कारखान्यात क्वालिटी विभागात सतरा वर्षं झाली. आम्ही लागर करतो, पण शिकताना एलही केल्या आहेत.

आधी एल आणि लागर. एलचं यीस्ट उबदार काम करतं, साधारण १८ ते २२ अंशांत, आणि स्वतःचा फळांसारखा वास मागं सोडतं. लागरचं यीस्ट १० अंशांच्या आसपास सावकाश काम करतं आणि चव स्वच्छ ठेवतं. आपल्या दुकानांतल्या बहुतेक बाटल्या लागरच्या. लागरमध्ये मिरची उघडी पडते, तिला टेकायला काही नसतं. रेड एलमध्ये हॉप्सचा, म्हणजे बीअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, कडवटपणा बेताचा आणि माल्टचा गोडवा भरपूर, म्हणून मिरचीला बैठक मिळते. मनुकांचा वास सिल्लोडकरांना आला तो अर्धा अँचोचा आणि अर्धा त्या भाजक्या माल्टचा असणार. दोघांत तोच गुण आहे.

मिरची घालायची कधी, यावर सगळा खेळ. वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, उकळताना घातली तर तिखट उतरतं पण वास वाफेबरोबर निघून जातो. आंबवण संपल्यावर घातली तर वास राहतो. तिखट म्हणजे कॅप्सेसिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. बीअरमध्ये अल्कोहोल पाच-सहा टक्केच, म्हणून ते हळूहळू उतरतं आणि रोज चव घेत बसावं लागतं. एक दिवस जास्त राहिली की टाकी गेली, परत काढता येत नाही. म्हणून पुष्कळ जण मिरची वोडकात भिजवून अर्क करतात आणि तो मोजून घालतात.

फेस नव्हता असं तुम्ही त्या आधीच्या बीअरबद्दल लिहिलंय, त्याचं कारण तेल. बीअरचा फेस प्रथिनांवर उभा असतो आणि तेलाचा अंश लागला की बसतो. मिरचीत, विशेषतः बियांत, तेल असतं. बियांसकट कुटून घातली की फेस संपला. आप्पा म्हणाले शिरा काढल्यात, त्यांना माझा नमस्कार सांगा. तिखट बियांत असतं असं बहुतेकांना वाटतं, पण ते तयार होतं बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात.

रंगाचंही खरंच आहे. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. तर्री वर तरंगते ती त्यामुळंच.

---

पुण्याची_पाव्हणी

अमेरिकेत शिकत असताना ॲरिझोनाची केव्ह क्रीक म्हणून बीअर पाहिली होती, प्रत्येक बाटलीत एक अख्खी मिरची उभी. लोक ती पैज म्हणून प्यायचे, चव कुणी विचारत नसे. चिपोट्लेची चांगली एल ओरेगनच्या रोग ब्रुअरीची प्यायले आहे, तिच्यात धूर छान होता.

---

कोरडवाहू

मी लातूरचा. धागा वाचला, लिखाण चांगलं आहे, पण मनात आलं ते लिहितो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्या गावाला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. मी घागर घेऊन रांगेत होतो. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी आधी ५० टक्के आणि पुढं ६० टक्के कापायला सांगितलं. एक लिटर बीअरला चार-पाच लिटर पाणी जातं. मराठवाड्यात बसून बीअरच्या वासाचं कौतुक वाचताना मला ती रांग आठवते. कुणाचं मन दुखवायचं नाही.

---

वाळूजचा

कोरडवाहू दादा, तुमचं म्हणणं मनाला लागलं आणि ते योग्य आहे. त्या उन्हाळ्यात आमच्या पाळ्या कमी झाल्या होत्या, आणि माझ्या स्वतःच्या घरी आठ दिवसांनी नळाला पाणी येत होतं. पुष्कळसं पाणी बाटलीत जातच नाही. टाक्या धुणं, बाटल्या धुणं, थंड करणं यात जातं. तिथं बचत करता येते आणि करायलाच हवी. पिण्याचं पाणी आधी, यात माझं दुमत नाही.

---

सिल्लोडकर

दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मिरचीवाल्यालाही ते साल विसरता येत नाही. आमची ठिबकवरची दोन एकर मिरची मेमध्ये उपटून टाकली होती. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

---

नाडी_पाहते

अंबाजोगाईला शरीरक्रियाशास्त्र शिकवते. बीअर पीत नाही, पण ऊब उशिरा का आली ते सांगू शकते.

तिखट ही चव नाही, ती भाजल्याची जाणीव आहे. जिभेवर आणि घशात उष्णता ओळखणारा एक ग्राहक (रिसेप्टर) असतो, टीआरपीव्ही-१. साधारण ४३ अंशांच्या पुढची उष्णता लागली की तो जागा होतो. कॅप्सेसिन त्यालाच चिकटतं, म्हणून काही गरम नसताना मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. हे शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं.

गार बीअरनं तो ग्राहक काही वेळ शांत राहतो. घोट उतरला, घसा पुन्हा अंगाच्या तापमानावर आला, की जागा होतो. शिवाय अल्कोहोलमुळं त्याचा उंबरा खाली येतो, म्हणजे ३४ अंशांच्या आसपासही तो पेटू शकतो. आपलं अंग ३७ ला असतं. म्हणून तीच मिरची ताकात सौम्य लागते आणि दारूत चढी. बीअरमधल्या वायूची झिणझिण त्यात आणखी भर घालते.

लोण्यानं ऊब उतरली कारण कॅप्सेसिन स्निग्धात विरघळतं. दही-दुधात केसीन हे प्रथिनही असतं, ते कॅप्सेसिनला धरून घेऊन जातं. पाणी पिऊन उपयोग नाही. आणि ज्यांना पित्ताचा, अल्सरचा त्रास आहे त्यांनी मिरची आणि मद्य एकत्र घेऊ नये, हे मी कळकळीनं सांगते.

---

कांडपवाली

मी धाराशिवकडची, मसाल्याचं काम करते. दर वर्षी मार्च ते मे कांडप चालू असतं. बीअरचं मला ठाऊक नाही, पण मिरचीचा वास कसा राखायचा ते ठाऊक आहे, तेवढं सांगते.

वास हवा असेल तर ब्याडगी. तिखट कमी, सुरकुतलेली, रंगाला गडद, आणि गोडसर. आपल्या काळ्या मसाल्यात, येसरात, मी निम्मी ब्याडगीच घालते. गुंटूर झणक्यासाठी. तेजा आणि लवंगी अगदी थोडी, त्या नुसता जाळ देतात. उन्हात दोन दिवस कडक वाळवायची, दाबली की मोडली पाहिजे, वाकली नाही पाहिजे. ओल राहिली की आत बुरशी धरते आणि वरून दिसतही नाही. म्हणून मी प्रत्येक मिरची मधोमध मोडून आत बघते. आत राखाडी भुरका दिसला की फेकून देते, कितीही महाग असली तरी.

देठ खुडायचे, शिरा-बिया झटकायच्या. मग मंद आचेवर भाजायची. तेलाचा हात लावून भाजली की खकाणा कमी उडतो आणि मिरची करपत नाही. पहिला गोड वास आला की लगेच उतरायची. त्याच्या पुढं गेलं की कडू.

---

वाळूजचा

ताई, यातलं एक सोडून सगळं घ्यावंसं वाटतं. तेलाचा हात बीअरला चालणार नाही, फेस जाईल. कोरडी भाजली तर?

---

कांडपवाली

भाजता येईल की. जाड बुडाचा तवा घ्या, आच अगदी बारीक, आणि मिरची सतत हलवत राहा. खकाणा उडेल, खिडक्या उघड्या ठेवा आणि लेकरांना बाहेर पाठवा. तवा तापला की आच बंद करून त्याच्या उबेवर भाजली तर आणखी बरं.

---

धर्माबादी

आमच्या धर्माबादचा लाल मिरचीचा बाजार कुणी घेतलाच न्हाई, कामून? तेलंगणाच्या शिवेवर हाय, तिकडचा मालही इकडं येतो. माझं तिथं येणंजाणं हाय. मार्चात नवा माल आला की सांगतो, गोडसर वासाची मिरची निवडून ठिवतो. पण एक लक्षात घ्या. व्यापारी रंग बघतो अन् तिखट बघतो. वास बघून भाव देणारा मला आजवर एकबी भेटला न्हाई. सिल्लोडकरच्या आप्पांनी डोळे मिटून जे सांगितलं ते बाजारात शून्य किमतीचं हाय. हे वाचून मला वाईट वाटलं अन् बरंबी वाटलं.

---

पुण्याची_पाव्हणी

तिखट मोजायचं माप तरी आहे. स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये काढलं, साखरेच्या पाण्यात मिरचीचा अर्क किती पातळ केला की तिखट लागेनासं होतं त्यावरून. हालापेन्यो २,५०० ते ८,०००, अँचो हजार-दोन हजार, आणि आसामकडची भूत जोलोकिया दहा लाखांच्या पुढं. वासाला असं एका आकड्याचं माप नाही, हेही कारण असेल का?

---

धर्माबादी

आसंल ताई. आकडा आसला की भाव ठरतो.

---

आगटी

घरी बीअर करण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर नको. आपल्याकडं परवान्याशिवाय गाळणं-आंबवणं हा गुन्हा आहे. विकतची घ्यायलाही वय २१ पूर्ण हवं. अर्क करून विकतच्या बीअरमध्ये थेंब घालून बघा, त्यात काही अडचण नाही.

जाता जाता. नायजेरियात १९८८ ला बाहेरून जव आणायला बंदी घातली तेव्हा तिथल्या कारखान्यांनी ज्वारीवर बीअर केली. आपल्याकडं परभणी मोतीसारखी टपोरी ज्वारी आहे. कोरडवाहू दादांच्या रानात जव येणार नाही, ज्वारी येते, तीही रब्बीच्या ओलीवर. हुरडा आणि ती एल एकाच घरची वाटली असं वर वाचलं तेव्हापासून हे मनात आहे.

---

कोरडवाहू

ज्वारीला भाव येणार असेल तर मी ऐकायला तयार आहे. अजून लिहा.

---

सिल्लोडकर

अर्क करून बघितला. सविस्तर लिहितो.

कांडपवाली ताईंनी सांगितल्याप्रमाणं पाच ब्याडगी मोडून, आत बघून, शिरा-बिया काढून घेतल्या. एकीत भुरका निघाला, ती टाकली. चार राहिल्या. तवा तापवून गॅस बंद केला आणि उबेवर हलवत भाजल्या. दीड-दोन मिनिटांत गोड वास सुटला, उतरवल्या. काचेच्या बरणीत वोडका १०० मिली, ४२.८ टक्क्यांची, त्यात तुकडे टाकून झाकण लावलं. पहिल्या दिवशी रंग नारिंगी. दुसऱ्या दिवशी बोटावर थेंब घेऊन चाटला, जिभेच्या टोकाला चुणचुण, वास अजून वोडकाचाच. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं आणि घरात ज्या दिवशी मसाला होतो त्या दिवसाचा वास आला. बायको आतल्या खोलीतून विचारायला आली की मिरची कशाला काढली. चहाच्या गाळणीवर फडकं घालून गाळून घेतलं.

पुण्याच्या भाच्याकडं गेलो तेव्हा त्यानं माल्टच्या अंगाची, तांबूस एल आणून ठेवली होती. चार ग्लास भरले, प्रत्येकात १०० मिली. एक कोरा, बाकीच्यांत तीन, सहा आणि दहा थेंब. कोणत्यात किती ते फक्त भाच्याला ठाऊक.

तीन थेंबांत फरक कळला नाही. दहात घशाला जाळ आला आणि बीअर मागं पडली. सहाच्या ग्लासात ऊब उशिरा आली, छातीपर्यंत आली आणि थांबली. मनुका नव्हत्या, धूरही नव्हता. अँचोची सर ब्याडगीला आली नाही आणि येऊही नये. तिचा वास वेगळा आहे, वाळक्या गवतासारखा, थोडा सुंठीच्या बाजूला. फेस चारही ग्लासांत टिकला, दहाच्या ग्लासात किंचित लवकर बसला.

धूर हवा असेल तर काय करावं, हे आप्पांना विचारलं. त्यांनी सांगितलं की त्यांची आई पावसाळ्यात ओलसर राहिलेली मिरची चुलीवरच्या शिंकाळ्यात टांगायची, आठ-दहा दिवस, बाभळीच्या लाकडाच्या धुरात. ती मिरची आमटीत घातली की शेजारच्या घरी कळायचं. घरात गॅस आला तसं ते बंद झालं. शिंकाळं अजून माळ्यावर आहे.

धर्माबादी भाऊ, मार्चात दोन किलो ठेवा. देठ हिरवे नकोत.

---

धर्माबादी

ठिवली समजा. बाभूळ वाळल्याली घ्या, ओल्या लाकडाचा धूर कडू लागतो.